एकशे पंधरा व्होल्ट

१

बबनराव भोयरांची चिता थंड होण्याआधीच सावळदऱ्याने त्यांच्या मृत्यूचा निकाल लावून टाकला होता. न्यायालयांना जे काम वर्षानुवर्षे जमत नाही, ते महागाव तालुक्यातल्या या गावाने चहाच्या दोन-तीन फेऱ्यांत उरकले. याचे श्रेय गावाच्या बुद्धीला नव्हे, आरोपीच्या निवडीला द्यायला हवे. आरोपी विधवा होती, मोलकरीण होती, सहीच्या जागी अंगठा उठवणारी होती. अशा माणसाविरुद्ध पुरावा शोधत हिंडावे लागत नाही. तो आपल्या पायांनी चालत येतो आणि ओसरीवर बसतो.

विजेने माणूस दगावला की विद्युत निरीक्षकाने चौकशी करावी, असा कायदा आहे. म्हणून यवतमाळहून ममता मुनेश्वर आल्या होत्या आणि गुरुजींच्या खोलीत नाकाला रुमाल लावून उभ्या होत्या. जळक्या प्लास्टिकचा वास अजून भिंतींना धरून होता. बबनराव हे निवृत्त मुख्याध्यापक आणि गावातल्या शिक्षण मंडळाचे अध्यक्ष. फुप्फुसे निकामी होत आलेली. हवेतून प्राणवायू वेगळा काढणारे एक यंत्र त्यांच्या मुलीने, प्रेरणाने, अमेरिकेहून पाठवले होते आणि त्यावर ते जगत होते. आता ते यंत्र पलंगाजवळ काळे ठिक्कर पडले होते.

"साधी गोष्ट हाय, मॅडम," फौजदार भीमसिंग राठोड म्हणाले. "हे मशीन अमेरिकेचं. तिथली लाईट आपल्यापेक्षा निम्मी. म्हणून मधात हा डबा लावाचा."

ममताबाईंनी जमिनीवरच्या जड लोखंडी पेटीकडे पाहिले. भिंतीतले दोनशे तीस व्होल्ट घेऊन यंत्राला एकशे पंधरा देणारा तो कन्व्हर्टर होता. त्याला ओरखडाही नव्हता. तो सुटून बाजूला पडला होता आणि यंत्राची वायर थेट भिंतीतल्या सॉकेटात गेली होती.

"मथुराबाईनं झाडू मारताना डबा काढला आन् मशीनची पिन सीधी भिंतीत खुपसली. खोली बंद, थंडीचे दिवस. धूर झाला. गुरुजीची छाती ती, किती टिकणार? उमरखेडच्या दवाखान्यात नेताना रस्त्यालेच गेले. तुमी फक्त अहवाल द्या, बाकीचं मी पाहून घेतो."

"राठोडसाहेब, अमेरिकेच्या पिना चपट्या असतात. या सॉकेटात बसतात का त्या?"

"नाही बसत."

"मग हे काय आहे?"

सॉकेटाला वितळून चिकटलेला एक पांढरा ठोकळा होता. पिनेचा आकार बदलणारा अडॅप्टर. तो फक्त आकार बदलतो. विजेचा दाब जसाच्या तसा पुढे जाऊ देतो.

"लावला असंन तिनं."

"झाडू मारताना?"

भीमसिंगांनी टोपी काढून पुन्हा घातली. विसरभोळ्या हाताने पेटी निसटू शकते, हे ममताबाईंना मान्य होते. पण विसरभोळा हात अडॅप्टर शोधून आणत नाही. या खोलीत कोणी चुकले नव्हते. कोणीतरी काम केले होते.

२

"मॅडम, मी भौतिकशास्त्राचा माणूस आहे. भावनेनं बोलणार नाही," नयन भोयर म्हणाला.

नयन गुरुजींचा पुतण्या आणि मंडळाचा सचिव. मंडळाच्याच कनिष्ठ महाविद्यालयात त्याने काही वर्षे भौतिकशास्त्र शिकवले होते आणि मग, आपल्याकडे विद्वत्तेचा जो नैसर्गिक शेवट असतो त्याप्रमाणे, शिकवणे सोडून तो संस्था चालवू लागला होता. काकांच्या तेराव्याआधीच त्याच्या नावामागे 'प्रभारी अध्यक्ष' लावलेला श्रद्धांजलीचा फलक शाळेच्या फाटकावर चढला होता. शोक आणि नेमणूक एकाच फ्लेक्सवर उरकण्याची ही काटकसर ममताबाईंनी येतानाच पाहून ठेवली होती.

"दिवेलागणीला मी काकांजवळ बसलो होतो. मथुरा तिच्या घरी गेली होती. मीच प्रेरणाला व्हिडिओ कॉल लावून दिला. काका हसतबोलत होते, मशीन चालू होतं. ती परत आली, मग मी महागावला सत्काराच्या कार्यक्रमाला गेलो. तिथं स्टेजवर असताना निरोप आला. आता तुम्हीच सांगा. एकशे पंधराचं यंत्र दोनशे तीसवर थेट लावलं तर किती वेळ चालेल?"

"क्षणभरही नाही."

"बस. मी निघालो तेव्हा ते चालू होतं, याला प्रेरणा साक्षीदार आहे. म्हणजे पिन मी गेल्यावर बदलली गेली. आणि मी गेल्यावर घरात एकच बाई होती."

मांडणी निर्दोष होती. ममताबाईंना तोच तिचा दोष वाटला. दुःखातला माणूस इतका सुसूत्र बोलत नाही. इतके सुसूत्र तोच बोलतो ज्याने वाक्ये आधी घोटून ठेवलेली असतात. पण घोटलेली वाक्ये हा काही गुन्हा नव्हे. तसे असते तर राज्यातले अर्धे प्राचार्य गजाआड दिसले असते.

"अडॅप्टर कुठून आला?"

"तिच्या मोबाइलच्या भानगडीतला असेल. आणि हे बघा," नयनने आवाज मऊ केला, "तिच्याबद्दल तुम्हाला सहानुभूती वाटणार, मी समजू शकतो. शेवटी तुमच्या समाजाचा प्रश्न असतो."

"तुम्ही बरंच समजू शकता," ममताबाई म्हणाल्या. "भौतिकशास्त्राच्या मानानं फारच."

दाराच्या चौकटीला टेकून प्रेरणा उभी होती. न्यू जर्सीहून निघून, नागपूरला उतरून ती थेट इथे आली होती आणि वडिलांचे तोंडही तिला पाहायला मिळाले नव्हते.

"नयनदादा खरं सांगतोय," ती म्हणाली. "बाबा छान बोलत होते. मागे मशीनचा आवाज येत होता, रोजच्यासारखा. त्या बाईला मी किती वेळा बजावलं होतं की डब्याला हात लावू नकोस. निष्काळजी बाई."

"अडॅप्टर तुम्ही पाठवला होता?"

"मुद्दामच पाठवला नाही. पिन बदलली म्हणजे वीज बदलत नाही, हे लोकांच्या लक्षात येत नाही. अडॅप्टर घरातच नको, म्हणजे मशीन डब्याशिवाय कुठं लागणारच नाही, असं मी बाबांना सांगितलं होतं."

"फाटकावर सूचना पाहिली. मंडळाची बैठक होणार होती ना?"

"हो, याच आठवड्यात." तिने नयनकडे ओझरते पाहिले. "बाबांना मुलींचं वसतिगृह परत सुरू करायचं होतं."

"बंद का पडलं होतं?"

उत्तर नयनने दिले. "मुली येत नव्हत्या, मॅडम. इमारत पडून राहण्यापेक्षा आम्ही तिथं मंगल कार्यालय केलं. गावाची सोय झाली."

मुलींच्या शिक्षणाची जागा मुलींच्या लग्नांनी घेतली होती, आणि तेही एकाच इमारतीत. ममताबाईंनी मान डोलावली. वसतिगृह परत सुरू झाले की मंगल कार्यालयाचे भाडे बंद; हेतू सापडला होता. पण हेतू घेऊन काय करणार? हेतूने यंत्र जळत नाही. नयनचे गणित खरे असेल तर यंत्र जाळणारा हात एकच उरत होता, आणि तो मथुराबाईंचा होता.

३

स्टँडजवळच्या रोशनच्या दुकानात वायरींची भेंडोळी टांगलेली होती आणि त्यांच्या शेजारी, प्लास्टिकच्या पाकिटांत, पांढरे अडॅप्टर लोंबत होते. अगदी तसलेच.

रोशनने ममताबाईंची नजर पाहिली. "माह्या दुकानात हायेत म्हणून मीच मारलं का गुरुजीले? मंग दोरीच्या दुकानदारालेही पकडा."

"गुरुजी तुझ्यावर चिडले होते म्हणे."

"चिडलेच होते. त्यायच्या घरच्या फ्यूजच्या किटकॅटात मी जाड तार घातली म्हणून. फ्यूजची बारकी तार रोज उडे, मी काय रोज सायकल मारत जाऊ? आता वाटते बाप्पा, बारकीच पाह्यजे होती. उडली असती अन् मशीन वाचलं असतं." तो खाली पाहू लागला. "त्याच्यासाठी जे करा लागते ते करा माहं."

"अडॅप्टर कोणाला विकला?"

"कोणाले नाही."

हे उत्तर प्रश्न संपण्याआधी आले. ममताबाईंनी ते तसेच राहू दिले. खोटे बोलणाऱ्याला लगेच हटकले की तो खोट्याची डागडुजी करू लागतो; त्याला एकटे सोडावे, म्हणजे त्याचे त्यालाच ते जड होते.

"मथुराबाईंना त्या संध्याकाळी पाहिलंस?"

"हाव, इथूनच घराकडं चालली होती. इथं उभी राहून बोलून राह्यली होती, तितक्यात लाईट डीम झाली. ते म्हणे, बाप्पा, गुरुजीची मशीन रडत असंन, मी वापस जातो. मी म्हटलं नयनभाऊ हायेत न तिथं, ते पाहतीन. तरी पाह्य, घरी गेल्यासारखं केलं अन् पोराले भाकर देऊन लगेच पयतच मांगं आली."

ममताबाई निघण्यासाठी उठल्या होत्या. त्या पुन्हा बसल्या.

"लाईट डीम झाली म्हणजे?"

"एक फेज गेलती. डीपीवरचा, गावच्या ट्रान्सफॉर्मरचा, वरचा फ्यूज उडालता. हरभऱ्याच्या पाण्याचे दिवस, साऱ्या मोटरी एकदम लागल्या की उडतेच. लाइनमननं दुसऱ्या दिवशी टाकला."

"हे पोलिसांना सांगितलंस?"

रोशनला प्रश्नच विचित्र वाटला. "यात सांगाचं काय? हे तं रोजचंच हाय."

जीपमध्ये बसल्यावर भीमसिंगांनी विचारले, "काय झालं, मॅडम? भूत पाह्यलं का?"

"राठोडसाहेब, या गावात लाईट डीम झाली की लोक काय करतात?"

"काय करतीन? बटन फिरवते."

"कोणतं बटण?"

"मीटरपाशी असते न, गोल. एक, दोन, तीन. तीन फेजवाल्या साऱ्या घरी हाय. एक नंबर डीम झाला की दोनवर, दोनही डीम असला की तीनवर. कुठल्यातरी एकावर फुल लाईट राह्यतेच."

"आणि गुरुजींच्या घरातलं बटण आता कशावर आहे?"

भीमसिंगांनी चालकाला गाडी वळवायला सांगितली. ओसरीत, मीटरच्या खाली, ते काळे गोल बटण होते. त्याचा काटा तीनवर होता.

४

मथुराबाई खिल्लारे आपल्या घराच्या उंबरठ्यावर बसल्या होत्या. आत भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर, चुलीवर काही नाही. गावाने निकाल दिल्यापासून त्यांच्या दारात कोणी आले नव्हते. ज्यांची बाळंतपणे त्यांनी केली होती, तीही माणसे नाही.

"मी काई नाही केलं, बाई," त्या म्हणाल्या. पोलिसांनाही त्यांनी हेच सांगितले होते आणि बाकी काही नाही.

"मावशी, तुमी काय केलं ते मी इचारत नाही," ममताबाई म्हणाल्या. ऑफिसातली मराठी त्यांनी जीपमध्येच ठेवली होती. "तुमी परत आल्या तवा काय दिसलं, ते सांगा."

"गुरुजी मोबाइलवर पोरीसंग बोलून राह्यले होते. नयनबाबूनं मोबाइल धरला होता. मी पयत आली होती, मले वाटलं मशीन रडत असंन."

"काहून रडणार?"

"डीम लाईटीवर ते रडतेच न. टी टी टी करते, लाल लाईट लागते. गुरुजीनंच शिकोलं होतं मले. मथुरा, हे रडलं की आधी बटन फिरवजो, मंग बाकीचं. पण त्या दिवशी नाही रडलं. हिरवीच लाईट होती. म्या म्हटलं, चला, नयनबाबूनं केलं असंन काही."

"आणि ट्यूब?"

"ट्यूब कशाची लागते डीमवर. दोन्हीकून लाल लाल, मधात अंधार." मथुराबाई थांबल्या. "म्या दारातूनच इचारलं, बटन फिरवू का म्हणून. नयनबाबू म्हणे, आता काकाले बोलू दे, मी गेल्यावर फिरव."

मागे भीमसिंगांच्या बुटांचा आवाज थांबला.

"मंग नयनबाबू गेले. गुरुजीले डोळा लागला होता, म्हणून मी दार लोटून सयपाकघरात गेली. काही दिसेना. म्हणून मंग..." त्यांनी दोन्ही हात पदरात घेतले. "बटन तं मीच फिरवलं, बाई. एकावरून दोनवर केलं, तेही डीम. तीनवर केलं अन् फुल लाईट आली. अन् तिकून आवाज झाला."

"हे पोलिसांले काहून नाही सांगतलं?"

"त्यायनं इचारलं, तू काय केलं. बटन फिरवणं म्हणजे काय करणं असते का? सारेच फिरवते."

भीमसिंग हळूच म्हणाले, "मॅडम, हा तं कबुलीजबाब झाला."

"हो," ममताबाई उठत म्हणाल्या. "फक्त कोणाचा, ते तुमच्या अजून लक्षात आलेलं नाही."

५

त्यांनी सगळ्यांना गुरुजींच्या बैठकीत बोलावले. नयन खुर्चीवर होता, प्रेरणा दिवाणावर. रोशन दाराशी उभा. मथुराबाई सवयीने जमिनीवर बसू लागल्या, तेव्हा ममताबाईंनी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या, जणू ती कोणाची तरी आहे.

"नयनराव, तुमचं गणित मला पाठ झालंय," ममताबाईंनी सुरुवात केली. "यंत्र भिंतीत थेट लावलं तर तत्क्षणी जळतं. तुम्ही निघालात तेव्हा ते चालू होतं. म्हणून ते नंतर लावलं गेलं. यातलं दुसरं वाक्य खरं आहे. पहिलं खरं आहे असं मीही मानून चालले होते, आणि मला त्याची लाज वाटायला हवी, कारण मी या जिल्ह्यात नोकरी करते."

"पहिलं वाक्य भौतिकशास्त्र आहे."

"न्यू जर्सीचं. सावळदऱ्याचं नाही." त्या प्रेरणाकडे वळल्या. "ताई, आपल्या डीपीवर वरच्या बाजूला तीन फ्यूज असतात. त्यातला एक उडाला तर गावातली वीज जात नाही. एका फेजवर पूर्ण दाब राहतो आणि उरलेल्या दोन फेजवर तो निम्मा होतो. दोनशे तीसचा निम्मा किती?"

प्रेरणाने ओठांतल्या ओठांत भागाकार केला.

"एकशे पंधराच्या आसपास. तुमच्या यंत्राला हवा तेवढाच. त्या संध्याकाळी या घरातली भिंत अमेरिकेची झाली होती. डबा मधे असता तर त्यानं आलेल्या निम्म्याचं पुन्हा निम्मं केलं असतं, आणि यंत्र रडायला लागलं असतं. रोज तसंच होत होतं. पण डबा काढून यंत्र थेट भिंतीत लावलं, तर ते शांतपणे चाललं असतं. कोणीतरी बटण फिरवून पूर्ण दाबाची फेज घरात आणेपर्यंत."

"हे सगळं शक्य आहे," नयन म्हणाला. त्याचा आवाज अजून वर्गात शिकवणाऱ्याचा होता. "पण शक्य असणं म्हणजे झालेलं असणं नव्हे. मी होतो तेव्हा डबा मधे होता. फेज मी गेल्यावर गेली असेल."

"ताई, त्या कॉलमधला एखादा फोटो तुम्ही मोबाइलवर काढून ठेवला आहे का?"

प्रेरणाने मोबाइल पुढे केला. बाबा खूप दिवसांनी हसले होते, म्हणून तिने तो क्षण धरून ठेवला होता. फोटोत बबनराव उशीला टेकून हसत होते, नाकात नळी. त्यांच्या डोक्यावर भिंतीवरची ट्यूब दिसत होती: दोन्ही टोके निखाऱ्यासारखी लाल, मधे काळोख. आणि खाली, पलंगाच्या कडेला, यंत्राचा बारका दिवा.

"दिवा कोणता आहे?"

"हिरवा," प्रेरणा म्हणाली.

"ट्यूब सांगते की घरात दाब निम्मा आहे. दिवा सांगतो की यंत्राला दाब पुरेसा आहे. डबा मधे असेल तर या दोन गोष्टी एका फोटोत मावत नाहीत. म्हणजे या क्षणी डबा सुटलेला होता, आणि मोबाइल तुमच्या हातात होता, नयनराव."

नयनने फोटोकडे पाहिले नाही. त्याला तो आठवत असावा.

"डबा तिनं जायच्या आधी काढला असेल."

"तेव्हा दाब पूर्ण होता. यंत्र तिथंच जळालं असतं. गावाची लाईट डीम झाली तेव्हा मथुराबाई रोशनच्या दुकानापुढं उभ्या होत्या. तो क्षण आणि त्यांचं परत येणं, यांच्या मधे या घरात दोनच माणसं होती. एकाला पलंगावरून उठता येत नव्हतं."

"अन् अडॅप्टर मी देल्ला," रोशन अचानक म्हणाला. त्याने कोणाकडे पाहिले नाही. "दिवाळीच्या आधी. नयनभाऊ म्हणे ल्यापटॉपले पाह्यजे. परवा म्हणे, कोणाले बोलशीन तं शाळेच्या वायरिंगचं काम गेलं समज."

"दिवाळीपासून," ममताबाई म्हणाल्या. "म्हणजे तुम्ही खिशात अडॅप्टर घेऊन वाट पाहत होतात. हरभऱ्याला पाणी सुटण्याची, फ्यूज उडण्याची, आणि त्या वेळी मावशी घरात नसण्याची. धीराचं काम आहे. वसतिगृहासाठी एवढा धीर दाखवला असता तर मुली तिथं शिकत असत्या."

"मी बटण फिरवलं नाही," नयन म्हणाला. पहिल्यांदाच त्याचे वाक्य अर्धे वाटले.

"नाही. ते फिरेल तेव्हा तुम्हाला महागावच्या स्टेजवर असायचं होतं. तुम्ही फक्त सांगून गेलात."

"कोण म्हणतं? ही? हिचा शब्द माझ्याविरुद्ध?"

उत्तर दिवाणावरून आले, आणि ते देताना प्रेरणाचा चेहरा असा झाला होता की जणू ती दुसऱ्या कोणाचे बोलणे ऐकते आहे.

"मी ऐकलं होतं," ती म्हणाली. "दारातून कोणीतरी काहीतरी विचारलं, आणि तू म्हणालास, आता काकाले बोलू दे, मी गेल्यावर फिरव. मला कळलं नाही कशाबद्दल. मला वाटलं टीव्हीचं काही असेल." ती थांबली. "तू बाबांचं बोलणं मधे तुटू दिलं नाहीस, म्हणून मला तुझं कौतुक वाटलं होतं, दादा."

नयन उठला. भीमसिंगही उठले, आणि त्यांनी दार अडवले नाही, फक्त दाराच्या दिशेने हात केला, जसा पाहुण्याला करतात. "चला सर. बाकीचं ठाण्यात शिकवा आमाले."

६

जीपचा आवाज गावाबाहेर गेला. रोशन केव्हाच निघून गेला होता. फाटकाशी जमलेली माणसे आता नव्या निकालावर बोलत होती, आणि आपण पहिल्यापासूनच नयनवर संशय घेत होतो, हे एकमेकांना पटवत होती.

मथुराबाई खुर्चीवरून उतरून जमिनीवर बसल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद नव्हता. ममताबाई त्यांच्यासमोर बसल्या.

"बाई, खरं सांगजा. म्या बटन नसतं फिरवलं तं गुरुजी वाचले असते?"

हा प्रश्न येणार हे ममताबाईंना माहीत होते. खोटे सांगण्याची गरज नाही, एवढाच त्यात दिलासा होता.

"नाही, मावशी. रात्री नाही तर सकाळी लाइनमननं वर फ्यूज टाकला असता, अन् गावात फुल लाईट आली असती. तेच झालं असतं. तुमी नसतं फिरवलं तरी ते यंत्र जळणारच होतं."

मथुराबाईंनी मान वर केली, आणि ममताबाईंनी ज्याची तयारी केली नव्हती तो प्रश्न विचारला.

"मंग त्याले माहाच हात काहून पाह्यजे होता? लाइनमनचा चालला असता. कोणाचाबी चालला असता."

ममता मुनेश्वर यांनी आयुष्यभर पुस्तके वाचली होती. या प्रश्नावर त्यांपैकी बरीच लिहिली गेली होती, जाड आणि टिपांसकट. उत्तर मात्र एका वाक्याचे होते.

"कारण तुमच्या हातानं झालं म्हटलं की पुढं कोणी काही इचारणार नाही, हे त्याले ठाऊक होतं."

मथुराबाईंनी दिवाणाकडे पाहिले. प्रेरणा तिथे मोबाइल उलटा धरून बसली होती.

"तुमीबी नाही इचारलं न, प्रेरणाताई?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. माहिती विचारावी तसे त्यांनी विचारले. "मी तुमच्या बापाले तोंडात घास भरवत होती. मले एक डाव फोन करून इचाराचं होतं, मथुरा, काय झालं म्हणून."

प्रेरणाने खाली घातलेली मान वर केली नाही. मथुराबाई तिच्या उत्तराची वाट पाहत बसून राहिल्या, आणि ममताबाईंनी, त्या दिवशी प्रथमच, मधे बोलून कोणाचीही सुटका केली नाही.